गाडी बंद पडली : दोष कॉइलचा की मोड्यूलचा?

कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण. ती विहारात ऐकून गॅरेजात विसरायची नसते. आपल्या समाजातील कितीतरी बांधव ड्रायव्हर किंवा मेकॅनिक म्हणून घर चालवतात. जुनी पेट्रोल गाडी भर रस्त्यात बंद पडली की दिवसाची कमाई बुडते. त्यात अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेले की आठवड्याची कमाईही जाते. म्हणून आधी कारण शोधावे.

डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २० हजार किंवा त्याहून अधिक व्होल्ट करते. त्यासाठी कॉइलमधला करंट नेमक्या क्षणी तोडावा लागतो. ते काम इलेक्ट्रॉनिक मोड्यूल करते. दोहोंपैकी एक बिघडले तरी प्लगवर ठिणगी पडत नाही. गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाली की चालू होते, असे असेल तर या दोघांवर संशय घ्यावा. मात्र तपासणी गाडी गरम असतानाच करावी. गार झाल्यावर दोष लपतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) कॉइलच्या जाड वायरीला स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारावा. ठिणगी जोरदार असेल तर कॉइल-मोड्यूलला हात न लावता कॅप, रोटर, प्लग आणि पेट्रोल पाहावे.

२) ठिणगी नसेल तर चावी चालू ठेवून कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज येते का पाहावे. नसल्यास फ्यूज, चावीचा स्विच व वायरी तपासाव्यात.

३) व्होल्टेज असेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून टोक कॉइलच्या मायनसवर धरावे व सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. दिवा लुकलुकला तर मोड्यूल काम करते आहे; दोष कॉइलमध्ये किंवा जाड वायरीत. लुकलुकला नाही तर मोड्यूल, त्याची अर्थिंग किंवा त्याला इशारा देणारा पिकअप तपासावा.

४) कॉइल बदलण्यापूर्वी मल्टीमीटरने तिचे ओहम मोजून गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावेत.

जाड वायर हातात धरून ठिणगी कधीही पाहू नये. जबर झटका बसतो. पेट्रोल गळत असेल तर ही तपासणी करूच नये.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. गॅरेजात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हीच सवय लावून घ्यावी. पडताळून काम करणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. गाडीमालकानेही पार्ट बदलण्याआधी कारण विचारावे आणि जुना पार्ट मागून घ्यावा.