अपघात परदेशात, भरपाई कोणत्या कायद्याने?

ब्रिटनहून सुट्टीसाठी ग्रीसला गेलेल्या एका महिलेला 2011 मध्ये विमा नसलेल्या गाडीने उडवलं. तिचा पाय गेला. पुढचे उपचार, कृत्रिम पाय, बुडालेली कमाई, हे सगळं मायदेशी, तिथल्या महागाईत सोसायचं होतं. इंग्लंडचा कायदा अशा वेळी पूर्ण नुकसान भरून देऊ पाहतो. ग्रीक कायद्याने तिच्या पदरी कमी पडणार होतं. 2016 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : हिशेब ग्रीक कायद्यानेच होईल.

न्यायालयाचा युक्तिवाद खोडणं अवघड आहे. जखमी व्यक्ती चालकावर दावा लावो, ग्रीसमधल्या भरपाई निधीकडे जावो की विमा नसलेल्या गाड्यांच्या अपघातांची भरपाई देणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’कडे (ही वाट तेव्हा खुली होती), दार बदललं म्हणून रक्कम बदलता कामा नये.

पूर्वी असं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या एका अपघाताच्या दाव्यात तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 2006 मध्ये उलट कौल दिला होता. तिथल्या कायद्याने भरपाईवर मर्यादा घातली होती. पण रक्कम मोजणं हा न्यायालयीन कार्यपद्धतीचा भाग आहे, सबब इंग्लंडचे नियम लागू, असं लॉर्ड्सनी ठरवलं. युरोपीय संघाच्या ‘रोम दोन’ नियमाने 11 जानेवारी 2009 पासून ही वाट बंद केली. आता जबाबदारी कोणाची हेही आणि रक्कम किती हेही, जिथे इजा झाली त्या देशाचा कायदा ठरवतो. खटला इंग्लंडमध्ये चालला, तर परकीय कायदा काय म्हणतो हे न्यायाधीशांपुढे सहसा त्या कायद्याच्या तज्ज्ञाची साक्ष काढून सिद्ध करावं लागतं.

विमा कंपन्यांना आपली जोखीम आधी मोजता यावी, हे मला मान्य आहे. पण आयुष्यभराचा खर्च ज्याच्या घरी येतो, त्याच्या घरचे दर कोणी पाहायचे? ‘रोम दोन’च्या प्रस्तावनेतला 33 वा परिच्छेद न्यायालयांना हेच सांगतो : जखमीचं प्रत्यक्ष नुकसान, पुढच्या शुश्रूषेचा खर्च विचारात घ्या. पण प्रस्तावनेतली सूचना म्हणजे कलम नव्हे. ती कलमात यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

एक अपवाद लंडनमधल्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावा. ग्रीसमध्ये भाड्याने घेतलेली गाडी तुमचा लंडनवासी मित्र चालवत असेल आणि त्याच्या चुकीने तुम्हाला इजा झाली, तर दोघांचं नेहमीचं वास्तव्य एकाच देशातलं म्हणून सहसा इंग्लंडचाच कायदा लागतो. पासपोर्ट भारतीय आहे की ब्रिटिश, याने फरक पडत नाही.

ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनने ‘रोम दोन’ आपल्या कायद्यात ठेवला. गेली ती युरोपातल्या विमा कंपनीवर घरच्या न्यायालयात थेट दावा लावण्याची युरोपीय नियमांतली हमी. 2020 अखेरीस ती संपली. शिवाय दाव्याची मुदतही अपघातस्थळाच्या कायद्याने मोजली जाते. इंग्लंडमध्ये ती साधारण तीन वर्षांची, स्पेनमध्ये सर्वसाधारणपणे एकाच वर्षाची. त्यामुळे स्पेनमधला अपघात असेल, तर उपचार पुरे होण्याची वाट न पाहता आधी वकील गाठायला हवा.