देवीची श्रमनिद्रा, शेतकऱ्याची रात्रपाळी

तुळजापुरात देवी झोपते. भवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते; वर्षातून तीनदा ती पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. या शेवटच्या निद्रेचं कारण साधं: महिषासुराशी लढून दमलेल्या देवीला विश्रांती हवी.

ही नावं ठेवणाऱ्यांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं, असलं काही मला सुचवायचं नाही. पण ‘श्रमनिद्रा’ हा शब्द नेमका आहे. आपण जागे असतो तोवर पेशी ऊर्जा खर्चतात आणि मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितकी झापड जड. झोपेत त्याचा निचरा होतो. चहातलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. झोप येत नाही, पण आतला साठा वाढतच राहतो. उसनवारीच ती, पुढं झोपून फेडावी लागते.

तुळजापूरच्या धाराशिव जिल्ह्यात ही उसनवारी शेतात चालते. रब्बीत हरभऱ्याला, ज्वारीला, उसाला पाणी द्यायचं आणि थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीच. मग डोक्याला बॅटरी बांधून, हातात खोरं घेऊन दारं धरायला जायचं. एक वाफा भरला की दारं मोडायचं, दुसऱ्यात पाणी सोडायचं. पाय चिखलात, अंगावर घोंगडी, एक डोळा सापा-विंचवावर. काही दिवस लाईट दिवसा, काही दिवस रात्री. अंगाला कशाचीच सवय लागत नाही.

कारण अंग चालतं ते आतल्या घड्याळावर. डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो; तो उजेड-अंधारावरून साऱ्या शरीराची वेळ लावतो. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं, ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना 2017 सालचं नोबेल मिळालं. हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानंच सरकतं. लाईटचं वेळापत्रक मात्र एका फटक्यात बारा तास उलटं होतं. पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, सावधपणाही. मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागायला यापेक्षा वाईट वेळ नाही.

बाकीचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटानं 11 धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. निष्कर्ष 1999 मध्ये आले: त्यांच्या रक्तातली साखर नेहमीपेक्षा कितीतरी हळू उतरत होती. आहार तोच, माणसं तीच. 2015 मध्ये अमेरिकेतच 164 जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. ज्वारीची भाकरी चांगली, चालणं चांगलं, हे सगळेच सांगतात. झोपेचा सल्ला द्यायला मात्र कुणी धजावत नाही, कारण रानातल्या पिकाला तो परवडत नाही.

तरी थोडं हाताशी असतं. दारं धरायला निघण्याआधी संध्याकाळी तासभर डोळा लावला, तर साठा कमी घेऊन माणूस रानात उतरतो. शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आत, कारण कॅफीनचा अर्धा अंमल पाचेक तासांनीही शिल्लक असतो. परतताना सकाळचं ऊन डोळ्यांवर थेट घेऊ नये. घड्याळ त्यालाच दिवस समजतं. टोपी, उपरणं पुढं ओढावं. आणि घरात अंधार करून निजलेल्या माणसाला ‘सूर्य कासराभर वर आला तरी लोळतोय’ असं कुणी म्हणू नये.

सौर पंपांनी काही शिवारांत दिवसा पाणी आणलंय. तिथं रात्री कुत्री भुंकतात, बॅटऱ्या दिसत नाहीत.