चहापाण्याचे पैसे

आगीने वेढलेल्या घरासमोर बंब उभा आहे. परंतु हातावर पैसे पडल्यावाचून पाणी सुटत नाही. रुग्णालयातील खाटेवर रोगी तहानेने व्याकूळ झाला आहे. परंतु पाण्याचा पेला त्याच्या ओठांपर्यंत यावयाचा, तर आधी सेविकेचा हात ओला करावा लागतो. १९६० नंतरच्या दशकात हाँगकाँग शहरात असे प्रकार नित्याचे झाले होते. तेथील लोक या पैशांना ‘चहाचे पैसे’ म्हणत. मराठीतही लाचेला ‘चहापाणी’ हे सौम्य नाव आहेच. वाईट कृत्याला गोड नाव मिळाले, की त्याची लाज वाटेनाशी होते. आणि लाज गेली, की ते कृत्य रूढी होऊन बसते.

हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील लोकसंख्या झपाट्याने वाढली. घरे, शाळा, रुग्णालये अपुरी पडू लागली. जेथे वस्तू थोडी आणि मागणारे फार, तेथे ती वाटणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. लोकांनी विश्वासाने सोपविलेली ही सत्ता स्वतःच्या लाभासाठी वापरणे, यालाच भ्रष्टाचार म्हणतात.

१९७३ साली पीटर गॉडबर या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याजवळ ४३ लाख हाँगकाँग डॉलरांहून अधिक संपत्ती असल्याचे आढळले. त्याच्याकडे खुलासा मागण्यात आला. परंतु तो न देता तो इंग्लंडला पळून गेला. जनतेचा संताप अनावर झाला. विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर आले. परिणामी १९७४ च्या फेब्रुवारीत, पोलीस खात्यापासून अलिप्त असा एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. गॉडबरला १९७५ मध्ये परत आणण्यात आले व चार वर्षांची शिक्षा झाली.

आयोगाने आपल्या कार्याचे तीन भाग केले. गुन्ह्यांचा तपास करणे हा पहिला. कचेऱ्यांच्या कामकाजातील पळवाटा बुजविणे हा दुसरा. आणि लोकांना शिक्षण देणे हा तिसरा. गावात रोगाची साथ आली असता रोग्यांना औषध द्यावे लागते, दूषित विहीर स्वच्छ करावी लागते आणि लोकांना आरोग्याच्या सवयी लावाव्या लागतात. यांपैकी एकही गोष्ट राहिली, तर साथ पुन्हा उद्भवते. तद्वतच हे होते.

शिक्षणाचे हे कार्य बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत चालते. लहानांना गोष्टी व चित्रे यांतून सचोटीचा परिचय करून दिला जातो. मोठ्यांसाठी नाट्यप्रयोग व चर्चा होतात. ‘खोटे वागू नये’ एवढे सांगून काम भागत नाही. कारण मोह पुष्कळदा भेटीच्या रूपाने येतो. समजा, शाळेच्या संघासाठी खेळाचे साहित्य घ्यावयाचे आहे आणि दुकानदार संघनायकाला म्हणतो, “सारे सामान माझ्याकडून घे, एक बॅट तुला फुकट देईन.” ही भेट की लाच? बॅटीची किंमत दुकानदार स्वतःच्या खिशातून देईल, की ती सामानाच्या दरात मिळवील? पैसा कोणाचा, निर्णय कोणासाठी आणि लाभ कोणाला, असे प्रश्न विचारण्याची सवय झाली, म्हणजे लाचेवरील गोड नावाचे वेष्टन गळून पडते.

हा बदल सुखासुखी झाला नाही. १९७७ साली चिडलेल्या पोलिसांच्या जमावाने आयोगाच्या कचेरीत शिरून मारहाण केली आणि सरकारला काही जुन्या गुन्ह्यांबाबत माघार घ्यावी लागली. तरीही कार्य थांबले नाही. आरंभी बहुतेक तक्रारी निनावी येत. पुढे बहुसंख्य तक्रारदार आपले नाव सांगू लागले. भीती ओसरून विश्वास वाढल्याची ही खूण होय.

शिक्षणाचे हे महत्त्व आता जगाने मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली संमत केलेल्या भ्रष्टाचारविरोधी करारात शाळा व विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने २०११ मध्ये या कराराला मान्यता दिली. भारतात केंद्रीय दक्षता आयोग १९६४ पासून कार्य करीत आहे. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या जयंतीच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या सुमारास तो दक्षता सप्ताह पाळतो. त्या निमित्ताने शाळांतून भाषणे, निबंध व प्रतिज्ञा होतात.

परंतु केवळ प्रतिज्ञेने चारित्र्य घडत नाही. ज्या वर्गात उत्तरे चोरून लिहिली जातात किंवा ओळखीच्या मुलाला अधिक गुण मिळतात, तेथे सचोटीवरील उत्तम धडाही व्यर्थ होय. मुले कानांनी ऐकतात त्याहून अधिक डोळ्यांनी शिकतात. यास्तव शाळेचा व्यवहार हाच या विषयाचा पहिला पाठ ठरतो. आज वर्गातील खडूंचा हिशेब चोख ठेवणारा विद्यार्थी उद्या एखाद्या रुग्णालयात, कचेरीत किंवा अग्निशामक दलात काम करील. तेव्हा तहानलेल्याला पाण्याचा पेला विनामूल्य मिळेल की नाही, हे त्याच्या या सवयीवर अवलंबून राहील.