गोठ्यातली वाळूमाशी प्रयोगशाळेत जाते तेव्हा : पोटातला परजीवी शोधतात कसा?

पावसाळा लागला की विदर्भातल्या गावांत चांदीपुराचं नाव निघतंच. लेकराला अचानक ताप येतो, झटके येतात आणि एक-दोन दिवसांतच होत्याचं नव्हतं होतं. हा विषाणू १९६५ साली नागपूर भागातल्या चांदीपुरा गावच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. पुढे औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाशांमध्येही तोच विषाणू मिळाला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात १८३ मुलं दगावली. २०२४ च्या जून-ऑगस्टमध्ये गुजरात व शेजारच्या भागात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुराच निघाला.

ही बातमी आली की आरोग्य खात्याची माणसं गावात येतात, गोठे पाहतात, भिंतींवर बॅटरी मारतात, छोट्या नळीने काहीतरी ओढून घेतात आणि निघून जातात. गावकऱ्यांना प्रश्न पडतो, माश्या नेऊन हे लोक करतात तरी काय?

याच वाळूमाशीचं दुसरं आणि जुनं दुखणं म्हणजे काला-आजार. तो आपल्याकडे नाही, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात आहे. पण माशीच्या पोटात रोग कसा शोधायचा, हे शास्त्र तिथेच सर्वात जास्त घासूनपुसून तयार झालं.

आधी माशी ओळखू. वाळूमाशी वाळूत राहते असं कुणी समजू नये, नाव फसवं आहे. ती दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. अंगभर केस, रंग मातकट. बसली तरी पंख मिटत नाही, वर उभे धरून ठेवते. उडते कमी, टुणटुण उड्याच जास्त मारते. डासाला अंडी घालायला पाणी लागतं, हिला लागत नाही. भिंतीच्या चिरा, पोपडे सुटलेलं लिंपण, गोठ्यातली शेण-मुताने ओलसर राहिलेली माती, एवढं तिला पुरतं. म्हणूनच डबकी बुजवून डास कमी होतील, वाळूमाशी नाही. चावते फक्त मादी, आणि तेही बहुतेक रात्री.

काला-आजाराचा परजीवी म्हणजे लिशमानिया डोनोवानी. १९०३ मध्ये लिशमन आणि डोनोवान या दोन डॉक्टरांनी तो वेगवेगळा वर्णन केला, दोघांचीही नावं त्याला मिळाली. महिनोन्‌महिने ताप, पानथरी फुगून पोट पुढे येणं, रक्त कमी होणं ही त्याची लक्षणं. उपचार झाले नाहीत तर रुग्ण बहुतेक वाचत नाही.

तो माशीतून पसरतो हे सिद्ध करायला मात्र दम लागला. १९२४ मध्ये कलकत्त्यात रुग्णाला चावलेल्या वाळूमाशीच्या आतड्यात परजीवी वाढताना दिसला. पण त्या माश्यांच्या चाव्यातून कुणाला रोग लागल्याचं दाखवता येईना. गाडी अडली होती ती माशीच्या जेवणावर. पुढे रक्त पिऊन झाल्यावर माश्यांना मनुका खायला दिल्या, तेव्हा परजीवी इतके वाढले की माशीचा घसाच तुंबला. १९४२ मध्ये आसामात स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशा माश्या स्वयंसेवकांना चावू दिल्या आणि रोग लागल्याचं दाखवून दिलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी लक्षात ठेवावी अशी ही मनुकेची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष काम. माशी पकडायच्या तीन पद्धती चालतात. एक, पहाटे गोठ्यात व घरात भिंतीवर बॅटरी मारून तोंडाने ओढायच्या नळीत माशी घेणं. नळीला मध्ये जाळी असते, माशी तोंडात जात नाही. दुसरी, दिव्याचा सापळा. बॅटरीवरचा बारका बल्ब, खाली छोटा पंखा आणि त्याखाली जाळीची पिशवी. माशी खालून खालूनच उडते म्हणून हा सापळा जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगतात, संध्याकाळी लावायचा आणि सकाळी काढायचा. तिसरी सगळ्यात स्वस्त : कागदाला एरंडेल तेल फासून भिंतीच्या चिरांजवळ ठेवायचा, माशी चिकटते.

पकडल्यावर निवड लागते. नर बाजूला, कारण तो चावत नाही. मग जात ओळखायची. आपल्या देशात काला-आजार पसरवणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. पण त्याच गोठ्यात सर्जेंटोमायिया नावाची दुसरी वाळूमाशीही ढिगाने सापडते, आणि ती पाली-सरड्यांचं रक्त पिते. डोळ्याने दोघी सारख्याच. डोकं आणि पोटाचा शेवटचा भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की फरक कळतो. ही जात ओळखण्याची नजर यायला वर्षं जातात, आणि असा माणूस मिळणं दिवसेंदिवस अवघड झालं आहे.

जुनी पद्धत चिरफाडीची. मिठाच्या पाण्याच्या थेंबात ताजी माशी ठेवायची, बारीक सुईने शेवटची कडी ओढायची, की अख्खं आतडं धाग्यासारखं बाहेर येतं. मग ४०० पट मोठं करून पाहायचं. परजीवी असेल तर शेपटीवाले लांबट जीव वळवळताना दिसतात. यात जिवंत परजीवी डोळ्याला दिसतो हा मोठा फायदा. पण हात बसलेला माणूसही दिवसभरात मोजक्याच माश्या उरकतो. शिवाय सरड्याच्या रक्तातून आलेले परजीवीही असेच वळवळतात. नुसतं पाहून माणसाचा की सरड्याचा, ते सांगता येत नाही.

म्हणून आता पीसीआर. कोरोनाच्या काळात हा शब्द घराघरात पोचला. इथे तेच तत्त्व आहे. माश्या अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, चिरडून त्यांचा डीएनए काढायचा आणि त्यात परजीवीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा आहे का ते तपासायचं. लिशमानियाच्या एका पेशीत डीएनएची अशी बारकी वर्तुळं सुमारे दहा हजार असतात, त्यामुळे परजीवी अगदी थोडे असले तरी चाचणी त्यांना पकडते. दुसरा तुकडा वाचून तो कोणत्या जातीचा, हेही ठरवता येतं.

रोग असलेल्या गावातही बहुतेक माश्या निर्दोष असतात. एकेक तपासणं परवडत नाही, म्हणून गठ्ठे करतात. समजा हजार माश्यांचे वीस-वीसचे ५० गठ्ठे केले आणि तीन गठ्ठ्यांत परजीवी निघाला. तर निदान तीन माश्या बाधित, म्हणजे कमीत कमी ०.३ टक्के. एका गठ्ठ्यात दोन बाधित असल्या तर ते कळत नाही, म्हणून हा आकडा ‘किमान’ म्हणूनच वाचायचा.

गोची इथे आहे. पीसीआर हो म्हणाली म्हणजे ती माशी रोग पसरवते, असं नाही. काल रात्री रुग्णाचं रक्त प्यालेल्या माशीच्या पोटातही परजीवीचा डीएनए असणारच. तो आतड्यात टिकला, वाढला, आठवडाभराने पुढे घशाशी येऊन बसला, तरच चाव्यातून माणसात जातो. जाणकार म्हणून पोट लाल दिसणाऱ्या माश्या वेगळ्या ठेवतात आणि रक्त पचलेल्या, अंडी धरलेल्या माद्यांच्या निकालाला जास्त वजन देतात. हा फरक न सांगता ‘माश्या पॉझिटिव्ह’ एवढंच छापलं की गाव उगाच घाबरतं.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण काला-आजार संपवायचं ठरलं आहे. देशातल्या ५४ जिल्ह्यांतल्या ६३३ ब्लॉकमध्ये हा आजार होता. दर ब्लॉकमध्ये दहा हजार लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट. बांगलादेशाने ते गाठल्याची मोहोर २०२३ मध्ये उमटली, आणि भारतातले रुग्णही फार कमी झाले. पण रुग्ण मोजून फक्त दवाखान्यात आलेला रोग कळतो. बरे झालेल्या काहींच्या अंगावर महिन्या-वर्षांनी फिकट चट्टे उठतात. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. बिहारमध्ये पाळलेल्या निरोगी माश्या लोकांना चावू देऊन तपासलं, तेव्हा अशा चट्टेवाल्यांकडूनही माश्यांना परजीवी मिळाला. लक्षणंच नसलेल्या लोकांकडून मात्र मिळाला नाही.

म्हणजे रुग्णनोंद शून्य असलेल्या गावात बाधित माशी सापडली, तर चट्टेवाला किंवा तापाचा न सापडलेला रुग्ण जवळपास असण्याची शक्यता मोठी. मग घरोघर शोध घ्यायचा, बोटाच्या रक्ताची पट्टी-चाचणी करायची आणि फवारणी तिथे आधी न्यायची. फवारणीतही माश्यांनीच धडा दिला. बिहारमध्ये वर्षानुवर्षं डीडीटी मारलं गेलं, माशी त्याला दाद देईनाशी झाल्याचं पकडलेल्या माश्यांवरच दिसलं, आणि मग तिथे पायरेथ्रॉइड गटाचं औषध आलं.

आपल्याकडे चांदीपुरासाठी माश्या नेतात तेव्हा पकडायची रीत हीच, गठ्ठे हेच. फरक एवढाच की विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसत नाही आणि उन्हात तो लवकर नासतो, म्हणून माश्या थंडीत ठेवूनच न्याव्या लागतात. गोठ्याच्या दारात कुणी बर्फाचा डबा घेऊन उभा असेल तर तो याचसाठी.