दाढेचा ठणका थांबला, मग?

कीड लागलेली दाढ दोन-तीन रात्री ठणकते आणि एके दिवशी आपोआप शांत होते. माझेही असेच झाले होते. लवंगेच्या तेलाने गुण आला असे समजून मी निर्धास्त राहिले. काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी आली. विज्ञान शिकलेल्या बाईने एवढे तरी ओळखायला हवे होते!

दाताच्या पोटात पोकळी असते. तिच्यात आणि मुळांच्या टोकापर्यंत गेलेल्या अरुंद नलिकांत रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. हा दाताचा गर. बोटाला जखम झाली की बोट सुजते. गराला सुजायला जागाच नसते, कारण भोवती टणक भिंती असतात. आत दाब वाढतो, ठणका लागतो आणि गर हळूहळू मरतो. चेतातंतूच मेल्यावर दुखणार काय? जीवाणू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकत राहतात.

खरे दोषी जीवाणूच, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी एका सुरेख प्रयोगाने दाखवले. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर कुजला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्न अडकले, तरी गर जगला. शिवाय जखमेवर नवे दंतिनही धरले. नियंत्रित प्रयोग शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

म्हणून 'रूट कॅनाल' करताना दंतवैद्य मेलेला गर काढतात, नलिका बारीक कानशींनी घासून सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने बंद करतात. गराविना दात टिकतो, कारण त्याला हाडात धरून ठेवणाऱ्या तंतूंना रक्त बाहेरून मिळते. पोखरलेली दाढ तडकू नये म्हणून वर टोपी बसवतात. मूळच उभे चिरले असेल तर मात्र बहुधा दाढ काढावी लागते.

आता तुमच्या वर्गाकडे. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांमागे एक दाढ येते. पालक तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. ती कायमची असते! तिची मुळे नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढत असतात आणि ही वाढ जिवंत गरच करतो. पहिली-दुसरीच्या मुलांना आ करायला सांगा. मधल्या दातापासून मागे मोजत गेलात की सहावी ती. तिच्यावर काळा खड्डा दिसला, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी पालकांना चिठ्ठी पाठवा.