६६ मुलांचा संप, एक रेक्टर आणि एक गाव

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे इअरफोन परत एकदा खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" बरेचसे काढून टाकलेत. सगळे नाही.

इंग्लंडमधलं शंभर वर्षांपूर्वीचं खेडं म्हटलं की आपल्यासमोर पिरियड ड्रामा येतो. हिरवळ, दगडी चर्च, मोठी हवेली, चहाच्या कपांचा आवाज. मलाही तेच दिसायचं. पण हवेलीतल्या त्या चहासोबत जो ब्रेड यायचा, त्याचा गहू कोण कापत होतं? या प्रश्नाच्या मागे लागून मी बर्स्टन नावाच्या गावात पोचलो. म्हणजे वाचनातून पोचलो, तिकिटाचे पैसे कुठून आणणार!

बर्स्टन हे पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफक कौंटीत, डिस नावाच्या बाजाराच्या गावाजवळचं छोटंसं खेडं. १ एप्रिल १९१४ ची सकाळ. शाळेत ७२ मुलं. त्यातली ६६ मुलं वर्गात गेलीच नाहीत. झेंडे आणि हाताने लिहिलेल्या पाट्या घेऊन ती गावातून फिरायला लागली. पुढारी कोण, तर व्हायोलेट पॉटर नावाची १३ वर्षांची मुलगी. आम्ही उद्यापासून संपावर जातोय, असं आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं. एप्रिल फूल वाटावं अशी तारीख, पण हा संप पुढे २५ वर्षं चालला. इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला संप म्हणून त्याचं नाव घेतात.

मुलं कशासाठी भांडत होती हे कळायला आधी "पॅरिश" म्हणजे काय ते बघावं लागेल.

वसईकडच्या श्रोत्यांना हा शब्द ओळखीचा असेल. एका चर्चच्या हद्दीतली वस्ती म्हणजे पॅरिश. वसईतली चर्चेस कॅथलिक, इथलं चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे सरकारमान्य चर्च. आणि तिथल्या धर्मगुरूला म्हणायचं रेक्टर. आपल्याला रेक्टर म्हटलं की हॉस्टेलचा रेक्टर आठवतो, रात्री दहाला गेट बंद करणारा. खरं सांगू, फार चुकीचं नाही ते. गावाचं गेट कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे बऱ्याच अंशी रेक्टरच्या हातात असायचं.

त्याचं उत्पन्न दोन ठिकाणांहून यायचं. एक म्हणजे टाइद. पूर्वी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागायचा, १८३६ च्या कायद्याने तो पैशात बदलला. दुसरं म्हणजे ग्लीब, चर्चच्या मालकीची शेतजमीन. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखं काहीतरी समजा. ही जमीन रेक्टर कुळांना कसायला द्यायचा. म्हणजे रविवारी प्रवचन देणारा माणूस सोमवारी तुमचा जमीनमालक. हे ग्लीब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने एक कायदा केला आणि गावकारभारातला बराचसा भाग चर्चच्या हातून काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. नाव तेच, पॅरिश, पण आता ही आपल्या ग्रामपंचायतीची लांबची बहीण. या निवडणुकीत अटी पूर्ण करणाऱ्या बायकाही मत देऊ शकत होत्या, उभ्या राहू शकत होत्या. संसदेसाठी मत द्यायला मात्र त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं. कागदावर झकास. प्रत्यक्षात सदस्य निवडायचे ते सहसा गावाच्या सभेत, हात वर करून. समोर कोण बसलंय? तुम्हाला कामावर ठेवणारा शेतकरी आणि तुमचा जमीनमालक रेक्टर. वर करा हात!

मजुराची परिस्थिती अशी की नॉरफकमध्ये त्याला आठवड्याला पंधरा शिलिंगच्या आसपास मिळायचे, कित्येकदा त्याहूनही कमी. वीस शिलिंगचा एक पौंड. घर बहुतेक वेळा मालकाचंच, नोकरीसोबत मिळालेलं. नोकरी गेली की घरही गेलं, एकाच शनिवारी. इथला शेतकरी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचा अल्पभूधारक नव्हे. शेकडो एकर खंडाने घेऊन मजूर लावणारा माणूस तो. १९०६ मध्ये याच नॉरफकमध्ये जॉर्ज एडवर्ड्स नावाच्या शेतमजुराने मजुरांची संघटना परत उभी केली होती, आणि तिचा सभासद होणं म्हणजे मालकाच्या डोळ्यांत खुपणं.

या सगळ्यात १९११ साली बर्स्टनच्या शाळेत एक जोडपं आलं. किटी हिग्डन मुख्याध्यापिका आणि तिचा नवरा टॉम हिग्डन तिच्या हाताखाली सहायक शिक्षक. होय, १९११ मध्ये. टॉम स्वतः शेतमजुराचा मुलगा. आधी ते वुड डॉलिंग नावाच्या गावात नऊ वर्षं होते आणि तिथेही त्यांचं वाजलं होतं. कारण कापणीच्या दिवसांत शेतकरी मुलांना वर्गातून उचलून शेतावर न्यायचे, आणि ही दोघं आडवी यायची. टॉम सुट्टीच्या दिवशी सायकल मारत गावोगावी जाऊन मजुरांना संघटनेत ओढायचा. किटी गरीब मुलांना पदरच्या पैशाने बूट घेऊन द्यायची. शेवटी त्यांना तिथून हलवलं आणि बर्स्टनला पाठवलं. शहाण्या माणसाने धडा घेतला असता. टॉमने काय केलं? बर्स्टनमध्येही संघटना सुरू केली.

त्याच वर्षी गावाला नवे रेक्टर मिळाले, चार्ल्स टकर ईलंड. शाळा चर्चची नव्हती, कौंटी कौन्सिलची होती. पण शाळेच्या व्यवस्थापन समितीत रेक्टर आले आणि लवकरच अध्यक्ष झाले. मग १९१३ ची पॅरिश कौन्सिलची निवडणूक आली. टॉम उभा राहिला, सोबत मजूर उभे राहिले. मजुरांनी हात वर केले. टॉम पहिल्या नंबरावर, रेक्टरसाहेब शेवटच्या. आपल्याकडे पंचायतीत सरपंच पडला की गावात काय वातावरण होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण कौन्सिल हरलं तरी शाळेची समिती रेक्टरांच्याच हातात होती, आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या. एक तक्रार तर वाचून मी दोनदा तपासली: किटीने परवानगी न घेता वर्गातली शेगडी पेटवली. पावसात लांबून चालत आलेल्या मुलांचे कपडे वाळवायला! बाई समितीशी उर्मटपणे वागतात, हीसुद्धा एक तक्रार होती. (बायकांच्या बाबतीत हा शब्द किती पटकन बाहेर येतो.)

मग गंभीर आरोप आला. बर्नार्डो या अनाथालयाच्या दोन मुली गावातल्या एका घरी सांभाळायला ठेवल्या होत्या. किटीने त्यांना मारलं, असं समितीचं म्हणणं. किटीने साफ नाकारलं, मुलांना मारण्याच्याच आपण विरोधात आहोत असं तिचं म्हणणं होतं. कौंटीच्या शिक्षण समितीने चौकशी केली आणि निकाल दोघांच्या विरोधात गेला. ३१ मार्च १९१४ पासून नोकरी संपली, आणि शाळेला जोडून असलेलं घरही सोडायचं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी हिरो विरुद्ध व्हिलन अशी सांगतात, आणि माझीही सहानुभूती कुठे आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण त्या दोन मुलींचं काय? रेक्टरच्या बाजूला त्या पुरावा म्हणून हव्या होत्या, हिग्डनच्या बाजूने त्यांना खोटारड्या ठरवलं. आईबाप नसलेल्या, परक्या घरात राहणाऱ्या दोन पोरी, आणि अख्खं गाव त्यांच्या डोक्यावरून भांडतंय. संपावरच्या मुलांची नावं आज लोकांना माहीत आहेत. या दोघी तक्रारीतल्या दोन ओळी होऊन राहिल्या. मला ते खटकतं.

असो. संपाकडे वळू.

शिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे मुलं शाळेत आली नाहीत म्हणून १८ पालकांना कोर्टात खेचलं. प्रत्येकी अडीच शिलिंग दंड. ऐकायला चिल्लर वाटतं, पण पंधरा शिलिंगच्या आठवड्यात ती पूर्ण एका दिवसाची मजुरी. कोर्टाबाहेर लोकांनी वर्गणी काढून दंड भरला. तोवर हिग्डन जोडप्याने गावाच्या मोकळ्या हिरवळीवर वर्ग सुरू केले होते, मग सुताराच्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये हलवले. आणि इथे कायद्याची एक फट कामी आली. मुलाला शिकवलंच पाहिजे असं कायदा म्हणत होता, पण ते सरकारी शाळेतच असं म्हणत नव्हता. मुलं तर रोज हजर होती, पाढे म्हणत होती. गैरहजर कशी म्हणणार? नोटिसा थांबल्या. सरकारी शाळा मूठभर मुलांना घेऊन चालू राहिली. एका गावात दोन शाळा!

रेक्टरच्या हातात आता उरलं ग्लीब. संपाला साथ देणाऱ्या कुळांना जमीन सोडायच्या नोटिसा गेल्या. विचार करा, तुमची मुलगी कोणत्या बाईंकडून पाढे शिकते यावरून तुमचा बटाट्याचा तुकडा जाणार. उत्तर म्हणून बऱ्याच लोकांनी चर्चकडे पाठ फिरवली आणि रविवारची प्रार्थना हिरवळीवर, उघड्यावर करायला लागले.

चार महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. वाटलं असेल की आता एका खेड्यातल्या शाळेचं भांडण कोण लक्षात ठेवणार. पण खाणकामगार, रेल्वे कामगार, देशभरच्या संघटना पैसे पाठवत राहिल्या. सुताराची जागा सोडायची वेळ आली तेव्हा नवी इमारतच बांधायची ठरली आणि त्यासाठी १२५० पौंड जमले. मी सहज हिशोब केला: पंधरा शिलिंगच्या दराने एका मजुराची ३२ वर्षांची कमाई. १३ मे १९१७ रोजी शाळा उघडली आणि उद्‌घाटन केलं व्हायोलेट पॉटरने, आता १६ वर्षांच्या. ज्यांनी पैसे दिले त्या संघटनांची नावं इमारतीच्या दर्शनी दगडांवर कोरलेली आहेत. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात ना, तसंच.

आणि मग? मग काही नाही, शाळा भरत राहिली. हा भाग कोणी सिनेमात घेणार नाही, पण मला तोच जास्त अवघड वाटतो. मोर्चा एका दिवसात होतो. त्यानंतर वीस-बावीस वर्षं रोज सकाळी वर्ग उघडायचा, सरकारी पगाराशिवाय, वर्गण्यांवर. १९२० मध्ये रेक्टर ईलंड गाव सोडून गेले. हिग्डन जोडप्याला त्यांची जुनी नोकरी परत कधीच मिळाली नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये टॉम गेला. किटीचं वय पंचाहत्तरच्या घरात, एकटीने झेपेना. उरलेली ११ मुलं गावातल्या सरकारी शाळेत गेली, त्याच शाळेत जिच्यातून २५ वर्षांपूर्वी ६६ मुलं बाहेर पडली होती. १९४६ मध्ये किटीही गेली.

शाळेची इमारत हिरवळीच्या कडेला अजून आहे, छोटं संग्रहालय म्हणून जपलेली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे कामगार संघटनांचा मेळावा भरतो आणि लोक मुलांनी मोर्चा नेला त्याच रस्त्याने चालतात. त्या वाटेचा आकार मेणबत्तीच्या स्टँडसारखा, म्हणून गावात तिचं नाव कॅंडलस्टिक.

टॉम आणि किटी यांना शेजारी-शेजारी पुरलंय. कुठे? बर्स्टनच्याच चर्चच्या आवारात.