सायीचा रंग कीं हस्तिदंती?

तांबडा व निळा यांमधून एक रंग निवडणें कठीण नाहीं. कठीण असतें तें अगदीं जवळच्या दोन रंगांमधून एक निवडणें. दिवाळीपूर्वीं करी रोडच्या एखाद्या चाळींत खोली रंगवावयाची ठरली, म्हणजे सायीचा रंग द्यावा कीं हस्तिदंती, यावर घरांत दोन पक्ष पडतात. स्वयंपाक, अभ्यास व निद्रा यांस खोली एकच, आणि रंगाचा खर्च पुन्हा लवकर करणें शक्य नाहीं. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक मानूं नये.

दोन्ही रंग मूळचे पांढरेच. सायीच्या रंगांत पिवळ्याचा अंश थोडा अधिक, हस्तिदंतींत थोडा कमी, असें येथें धरूं. कारण नांवें कारखान्यागणिक बदलतात. पूर्वीं चुन्यांत पिवडी मिसळून हाच पिवळेपणा आणीत, व भिंत शुभ्र दिसावी म्हणून चिमूटभर नीळ घालीत.

आतां एकच रंग निरनिराळ्या ठिकाणीं निराळा कां दिसतो, तें पाहूं. पहिलें कारण शेजार. शेव्रल नांवाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिस येथील गोबलँ या सरकारी कारखान्यांत रंगाई खात्याचे प्रमुख होते. तेथें भिंतीवर टांगावयाचे चित्रमय पडदे विणीत. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंतीं त्या काळ्या रंगांत दोष आढळला नाहीं. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो फिका भासत होता. १८३९ सालीं त्यांनीं हा नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ज्या भागाचें आयुष्य कापडगिरण्यांवर गेलें, तेथें हें पटण्यास वेळ लागूं नये. शेडकार्डावर एकमेकांस चिकटून असलेल्या दोन रंगांतील भेद म्हणूनच वाजवीपेक्षां मोठा दिसतो.

दुसरें कारण उजेड. चाळींतील खोलीस दिवसाचा उजेड बहुधा गॅलरीकडील दारा-खिडकींतूनच मिळतो. त्यामुळें दाराजवळची भिंत व आंतली भिंत एकाच रंगाच्या असूनहि निराळ्या दिसतात. रात्रीं पिवळसर दिव्याखालीं दोन्ही रंग अधिक पिवळे, तर निळसर पांढऱ्या दिव्याखालीं कमी पिवळे भासतात.

तिसरें कारण भिंतींचा परस्परांशीं व्यवहार. चारी भिंती एकमेकींवर पिवळसर प्रकाश टाकितात, म्हणून कार्डावर फिका वाटणारा रंग खोलींत गडद वाटतो.

यावरून निर्णयाची रीत निघते. हातभर लांबरुंद अशा दोन पुठ्ठ्यांवर एकेका रंगाचे दोन हात द्यावे व ते पुरते वाळूं द्यावे. चुन्याचा रंग ओला असतां गडद दिसतो व वाळल्यावर पुष्कळ फिका होतो. मग एका वेळीं एकच पुठ्ठा, आधीं दाराजवळ व नंतर आंतल्या भिंतीवर लावून, सकाळीं, दुपारीं व दिव्याच्या उजेडांत पाहावा. भेद ओळखूंच आला नाहीं, तर वाद तेथेंच मिटवावा व स्वस्त असेल तो रंग घ्यावा. ओळखूं आला, तर फिका रंग अधिक उजेड परत करितो हें लक्षांत ठेवून, ज्याला सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यांत बसून वाचावयाचें असतें, त्याचें मत आधीं विचारावें.